एका नावाचे दोन तलाव

आमच्या गोंदिया जिल्ह्यात 'सर्व्हर' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा उमटला नाही की सर्व्हर डाउन. बँकेत पासबुक छापून मिळालं नाही की सर्व्हर डाउन. सातबारा निघाला नाही तरी तेच. त्यामुळे मी सर्व्हर सांभाळायचं काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू इतकी वर्षं शोधत असलेला चोर आज सापडला. नागऱ्याला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या आजोबांनी वरण-भात संपेपर्यंत मला सोडलं नव्हतं. त्यांच्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढत नव्हतं.

"तुमीच बंद करून ठेवता ना जी ते?"

मी परोपरीनं सांगितलं की आजोबा, माझा सर्व्हर वेगळा, त्यात फक्त तलाव आहेत.

"तलाव? मशीनीत?" ते म्हणाले, आणि माझा नाद सोडून जिलबीकडे वळले.

पण मी खोटं बोलले नव्हते. माझ्या सर्व्हरमध्ये खरोखरच तलाव होते. ज्या संस्थेत मी बावीस वर्षं नोकरी केली ती जुने मालगुजारी तलाव दुरुस्त करते. आमच्याकडे गावोगावी असे तलाव आहेत, कितीतरी पिढ्यांपूर्वी बांधलेले. धानाला शेवटचं पाणी त्यांच्यातूनच मिळतं. कुठं पाळ, म्हणजे तलावाचा बांध, खचते, कुठं गाळ भरतो, कुठं तुडूम गळायला लागतं. तुडूम म्हणजे तलावाच्या पोटातून पाटाला पाणी सोडायची दगडी जागा. तिथल्या भोकात लाकडी खुंटा बसवलेला असतो. खुंटा उपसला की पाणी पाटाला लागतं, ठोकला की थांबतं.

एका तलावाचं काम म्हणजे वीस-पंचवीस कामं. मोजणी, ग्रामसभेचा ठराव, परवानगी, गाळ, दगडकाम, फोटो. यातलं काय कुणी करायचं, कधीपर्यंत, कुठं अडलं, हे लक्षात ठेवण्यासाठी आमच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांनी एक मोठा फळा डोळ्यांपुढे आणावा. फळ्यावर कार्डं लावलेली. एक काम, एक कार्ड. त्यावर कामाचा नंबर, करणाऱ्या माणसाचं नाव, तारीख, आणि खाली त्या कामाबद्दल लोकांनी एकमेकांना लिहिलेलं बोलणं. काम पुढं गेलं की कार्डही पुढच्या रकान्यात जातं. तारीख जवळ आली की ज्याचं काम त्याच्या मोबाइलवर आठवण येते. बस, एवढंच. हा फळा ज्या मशीनमध्ये राहतो तो सर्व्हर.

आमच्याकडे असे फळे तीन होते. एक गोंदियाच्या मुख्य ऑफिसात, एक देवरीला आणि एक अर्जुनी मोरगावला. कारण साधं होतं. हे सुरू केलं त्या काळात देवरीहून गोंदियाचा एक फोटो उघडायचा म्हणजे तेवढ्यात चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. म्हणून ज्याचं मशीन त्याच्याकडे. गोंदियाचं मशीन स्टोअर रूममध्ये, एसीच्या गारव्यात, साहेबासारखं. देवरीच्या मशीनवर उईके बाईंनी विणलेला रुमाल असायचा आणि दसऱ्याला झेंडूची माळ. अर्जुनीचं मशीन खिडकीला लागून. एकदा ते बंद पडलं म्हणून मी गेले, तर पंख्याजवळ पालीची दोन अंडी होती. कापगते भाऊ म्हणाले, "गरम जागा हाये ना जी, ती तरी कोठी जाईन?"

हे कापगते भाऊ अर्जुनीचे सुपरवायझर. केशोरीकडचे, कोहळी घरातले. तलाव बांधणं हे त्यांच्या घराण्याचंच काम, त्यामुळे पाळीवरून नुसते चालत गेले तरी कुठं पोकळ आहे ते सांगायचे. आणि उईके बाई देवरीच्या. राहायला चिचगडला. त्यांच्याकडे जंगलातले तलाव. कार्डाखाली दोन ओळी लिहाव्यात अशी अपेक्षा असे, बाई पत्र लिहायच्या. 'आज पाळीवर मोहाचं झाड पडलेलं दिसलं. झाड कोणाचं यावरून भांडण सुरू आहे. मोहफुलं वेचणाऱ्या बाया म्हणतात आमचं, वनखातं म्हणतं आमचं. काम उद्यावर.' गोंदियात बसून मी ही कार्डं आवडीनं वाचायची.

मग एक वर्ष असं आलं की ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं आमच्या जुन्या सर्व्हरांची देखभाल थांबवायचं ठरवलं. तीस एप्रिलनंतर दुरुस्ती नाही, सुरक्षा नाही. आता इंटरनेट सगळीकडे पोचलं होतं, तेव्हा तिन्ही फळे उचलून एकाच ठिकाणी, इंटरनेटवरच्या एका फळ्यावर न्यायचे ठरले. आमचे संचालक गोंदियाचे, घरात हिंदी. ते म्हणाले, "मॅडम, डेटा उठाना है और रखना है। इसमें दो महीने क्यूं?"

उचलायचं आणि ठेवायचं. तीन घरांची भांडी एका स्वयंपाकघरात मांडून बघा म्हणजे कळेल. नंबरांपासूनच सुरुवात झाली. दोनशे चौदा नंबरचं कार्ड तिन्हीकडे होतं आणि तिन्हीकडे वेगळ्या तलावाचं. म्हणून मी नंबरापुढे अक्षर लावलं, गोंदियाचा गों, देवरीचा दे, अर्जुनीचा अ. कापगते भाऊंचा लगेच फोन. "आमच्या नंबराले शेपूट कायले लावलं?"

"शेपूट नाही भाऊ, आडनाव लावलंय."

मग माणसं. आमचे जीपचे ड्रायव्हर रहांगडाले तिन्ही सर्व्हरवर होते आणि तिन्हीकडे त्यांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. मी तिघांना जोडून एक केलं, तर एकाच तारखेला ते गोंदिया, देवरी आणि अर्जुनी तिन्ही ठिकाणी हजर निघाले. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, उस दिन जीप तीनों जगह गई थी। मैं कहीं उतरा ही नहीं।" खरंच होतं ते.

मग शब्द. ज्याला कापगते भाऊ तुडूम म्हणत त्याला गोंदियाचे इंजिनियर स्लुइस म्हणत आणि उईके बाई मोरी लिहीत. मी नव्या फळ्यात अशी सोय केली की यातला कुठलाही शब्द टाका, तिन्ही सापडतील. या एका गोष्टीचा मला अजून अभिमान आहे.

पण खरी अडचण रकान्यांची झाली. गोंदियाच्या फळ्यावर तीन रकाने होते: नवीन, चालू, पूर्ण. अर्जुनीच्या फळ्यावर 'पूर्ण'च्या पुढे आणखी एक रकाना होता, 'पाहून आलो'. संचालकांना तीनच हवे होते. मी हे सांगायला पॅसेंजरनं अर्जुनीला गेले.

"पूर्ण आन पाहून आलो एक कसे होतीन जी?" कापगते भाऊ म्हणाले. "पूर्ण म्हणजे ठेकेदार म्हणते ते. पाहून आलो म्हणजे मी पाळीवर उभा राहून पाणी पायलं ते."

मी म्हटलं, भाऊ, वर अहवाल एकसारखा जावा लागतो. तुमच्या एका रकान्यासाठी सगळ्यांचा हिशेब बदलेल.

ते मशीनकडे वळले. "घेऊन जाणार का याले?"

"मशीन इथंच राहील. आतलं फक्त नेते."

"आतलंच तं माहं हाये," ते म्हणाले. मग उठून चहा सांगायला गेले, आणि परत येऊन म्हणाले, "करा मंग. तुमी शिकलेल्या हाय."

त्या वाक्याला मी परतीच्या गाडीत सौंदडपर्यंत मनातल्या मनात उत्तरं देत होते.

आता माझ्या चुकीकडे येते.

देवरीच्या मोठ्या कामांची नोंद गोंदियालाही ठेवलेली असे, मदत देणाऱ्यांना दाखवायला. त्यामुळे एकाच कामाची दोन कार्डं, एक गोंदियाच्या सर्व्हरवर, एक देवरीच्या, असं पुष्कळ ठिकाणी होतं. ती जोडून एक करायची होती. मी नियम बसवला: तलावाचं नाव एक, तालुका एक, कामाचा प्रकार एक, तर काम एक. दोघांपैकी जे कार्ड पुढच्या रकान्यात असेल ते खरं धरायचं. मशीननं अशा जोड्या काढून दिल्या आणि मी एकेक तपासत बसले. शंका आली की उईके बाईंना फोन. "बाई, हा तोच का?" "तोच." "आणि हा?" "नाई जी, तो अलग."

दोन महिने हे चाललं. शेवटच्या चाळीसएक जोड्या उरल्या आणि उईके बाईंच्या मुलीचं लग्न आलं. सुट्टीवर जाताना त्यांनी बजावलं होतं, "मॅडम, बाकीचे मी आली का मंग जोडा."

मी थांबले नाही. तीस तारीख आली होती, संचालक रोज विचारत होते, आणि मला वाटलं, आतापर्यंत नियम क्वचितच चुकलाय, चाळीसांत काय व्हायचं? लग्नघरी फोन करणं बरं दिसत नाही, असंही मी स्वतःला सांगितलं. उरलेल्या जोड्या मी नियमावर सोडून दिल्या.

एका रविवारी सकाळी जुने सर्व्हर बंद केले आणि नवा फळा सुरू केला. तिन्ही ऑफिसांतून लोकांनी आत येऊन पाहिलं. रहांगडाल्यांनी आलूबोंडे आणले. संचालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी खूश होते, ते कशाला लपवू?

आणि खरंच चांगलं चाललं होतं. इतकी वर्षं एका संस्थेत असून कापगते भाऊ आणि उईके बाई एकमेकांना कधी भेटले नव्हते. आता भाऊ बाईंच्या कार्डांखाली लिहू लागले. 'गाळ काढून पाळीच्या आतून टाकू नका, बाहेरून टाका.' बाईंचं उत्तर, 'बाहेरून कोणाची तरी शेती आहे. तुम्ही येऊन सांगा त्याला.' मी हे वाचून एकटीच हसायची.

जूनचा दुसरा आठवडा असेल. उईके बाईंचा फोन आला.

"मॅडम, नवातलावाची मोरी कोणाले देल्ली जी तुमी?"

मी फळ्यावर पाहिलं. "नवातलाव? तो झाला की बाई. पूर्णमध्ये आहे."

"तो सडकेवरचा झाला. मी जंगलातल्याचं इचारून राहिली. चिचगडच्या बाजारात त्या तलावाच्या गावची पारबताबाई भेटली, म्हणे काऊन नाही आले अजून?"

देवरी तालुक्यात नवातलाव दोन होते. सडकेजवळच्या नवातलावाचं तुडूम मागच्या वर्षीच दुरुस्त झालं होतं आणि ते कार्ड गोंदियाच्या सर्व्हरवर होतं. जंगलातल्या नवातलावाचं तुडूम गळत होतं, मे महिन्यात तलाव कोरडा असताना ते उघडून बांधायचं होतं, आणि ते कार्ड देवरीच्या सर्व्हरवर होतं. नाव एक, तालुका एक, काम एक. नियमानं दोन्ही जोडली गेली आणि पुढचा रकाना, म्हणजे 'पूर्ण', खरा धरला गेला. मे महिन्यात उईके बाईंच्या मोबाइलवर जी आठवण यायची ती आलीच नाही. कार्डाचा इतिहास उघडला की कुणी काय केलं ते दिसतं. तिथं लिहिलं होतं, दोन कार्डं एकत्र केली, आणि पुढे माझं नाव.

"तुम्ही मला आधी विचारलं का नाही, बाई?"

"यादीत नाही दिसलं तं मी म्हटलं, गोंदियाच्या इंजिनियरनं घेतलं असन. तुमी सारं तपासून लावलं होतं ना?"

तो प्रश्न त्यांनी टोमणा म्हणून विचारला नव्हता. तेच मला जास्त लागलं.

त्या दिवशी बाईंना फोनवर धरून उरलेल्या सगळ्या जोड्या एकेक वाचून घेतल्या. दीड तास लागला. बाकी सगळ्या बरोबर निघाल्या. जे काम दीड तासाचं होतं ते मी एप्रिलमध्ये केलं नव्हतं.

संचालकांना सांगितलं.  ते म्हणाले, "बोल दो, नए सिस्टम में गड़बड़ हो गई। लोग समझ जाएंगे।"

"सर, सिस्टमनं मी सांगितलं तेच केलंय."

"तो क्या करेंगी?"

"जाऊन बघते." त्यांनी अडवलं नाही, जीप दिली.

मी कापगते भाऊंना फोन केला. वाटलं होतं, आता ऐकावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी कितीक भरलं?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं देवरीला येऊन उभे राहिले. जीपपाशी उईके बाई होत्या. भाऊंनी त्यांना खालून वर पाहिलं.

"तुमीच का त्या मोहाच्या झाडावाल्या?"

"आन तुमी बाहेरून टाका वाले," बाई म्हणाल्या. एवढ्यावर ओळख झाली.

चिचगडच्या पुढं जंगलातून रहांगडाल्यांनी जीप नेली. इतकी वर्षं ज्या तलावांची कार्डं मी हलवली त्यातले फार थोडे मी पाहिले होते. पाळीवर मोठमोठी झाडं, मागे साग आणि मोह, आणि पाळीच्या खाली उतरत गेलेल्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं. दोन-तीन पाऊस होऊन गेले होते. तुडुमापाशी मांडीभर पाणी साचलं होतं, आणि पाळीच्या बाहेरच्या अंगाला, जिथं कोरडं असायला हवं तिथं, पाणी बुडबुडत होतं.

कापगते भाऊ धोतर खोचून पाण्यात उतरले. खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी कितीतरी वेळ चाचपलं. वर येऊन म्हणाले, "खुंट्याजवळचा दगड सरकला हाये. आता उघडता येत नाही, उघडलं तं सारंच जाईन. मे मध्ये असतं तं तीन दिवसाचं काम होतं." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

तोवर गावचे दहा-बारा लोक जमले होते. मी काय बोलायचं ते जीपमध्ये ठरवून आले होते, पण तिथं त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, चूक माझी आहे. तुमचा तलाव आणि सडकेवरचा तलाव मी मशीनमध्ये एकच समजले. सडकेवरचा झाला होता, म्हणून तुमचाही झाला असं लागलं.

एक बाई पुढं आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात विळा. तीच पारबताबाई. पाटाच्या अगदी शेवटी तिची शेती.

"दोन तलाव एक कसे झाले जी?"

"नाव एकच होतं ना..."

"नाव असन एक. पाणी तं दोन जागी हाये."

मी भाऊंना विचारलं, आज काय करता येईल? 

त्या दिवशी जे करता आलं ते केलं. काळी माती मळून गोणपाटात भरली, भाऊंनी सांगितलं तशी ती आतून तुडुमाच्या तोंडाला ठासली, वरून दगड. सगळे राबले. उईके बाई गुडघाभर चिखलात, रहांगडाले गोण्या वाहत होते, माझी एक चप्पल तलावानं ठेवून घेतली. दुपार कलली तेव्हा बाहेरचे बुडबुडे कमी झाले, थांबले मात्र नाहीत. भाऊ म्हणाले, "अर्धं थांबन. अर्धं जाईन."

तसंच झालं. पाऊस चांगला झाला, पाळ टिकली, पण तलावात पाणी राहिलं नाही. ऑक्टोबरात जड, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाला शेवटचं पाणी लागतं तेव्हा पाट निम्म्यातच सुकला. वरच्या शेतांचं भागलं. खालच्या पाच घरांचं भागलं नाही.

मी गेले होते तेव्हा. उईके बाई म्हणाल्या होत्या, कशाला जाता? पण गेले. पारबताबाईनं एक लोंब तोडून बोटांत चुरली आणि तळहात माझ्यापुढे धरला. त्यात तूसच जास्त होतं.

"पोचा," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं हात झटकला आणि विचारलं, "पुढच्या साली तं करान ना?"

"करणार."

"कोण करन?"

तिथं मी 'संस्था करेल' म्हणू शकले असते. बावीस वर्षांत ते वाक्य माझ्या तोंडात बसलेलं होतं. म्हटलं, "मी करीन."

गोंदियाला परत येऊन जंगलातल्या नवातलावाचं नवं कार्ड केलं आणि करणाऱ्या माणसाच्या जागी माझं नाव टाकलं. सॉफ्टवेअरनं नकार दिला. मी सर्व्हर सांभाळणारी, मला फील्डचं काम देता येत नाही, असा नियम होता. नियम मीच केलेला. तो मीच बदलला. त्याच दिवशी संचालकांकडे जाऊन म्हटलं, चौथा रकाना परत हवा आहे, सगळ्या जिल्ह्याला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "समझाना आपको पड़ेगा, ऊपरवालों को।" मी समजावलं. फार अवघड गेलं नाही, खरं सांगायचं तर. आधीच प्रयत्न केला असता तर तेव्हाही गेलं नसतं. 'पाहून आलो' रकाना परत दिसला तेव्हा कापगते भाऊंनी त्याखाली दोनच शब्द लिहिले: 'बरं झालं.'

पुढच्या मे महिन्यात तलाव कोरडा पडला आणि आम्ही गेलो. तीन दिवस मी तिथंच होते, रात्री चिचगडला उईके बाईंच्या घरी मुक्काम. माझं काम म्हणजे परवानगीचे कागद जवळ ठेवणं, सिमेंट वेळेवर आलं का बघणं, फोटो काढणं, आणि भाऊ म्हणतील ते उचलून देणं. भाऊंनी तुडूम पूर्ण उघडलं. सरकलेला दगड बाहेर काढून उन्हात ठेवला तेव्हा सगळा गाव बघायला आला. त्याच्या खालच्या बाजूला कुणा जुन्या कारागिराच्या छिन्नीच्या रेघा अजून ताज्या दिसत होत्या. भाऊंनी त्यावरून हात फिरवला. "दगड चांगला हाये. बसणी बिघडली होती." तोच दगड नीट बसवून परत लावला. नवा खुंटा बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा, गावच्याच सुतारानं तासून दिला. उईके बाईंनी कार्डाखाली तीन दिवसांचं सगळं लिहिलं, माझ्या चपलेसकट. ती त्यांना गाळात सापडली होती.

ऑगस्टच्या शेवटी मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात तीन सर्व्हर एक केल्याबद्दल शाल मिळाली. मी भाषणात नवातलावाचं सांगितलं. संचालक जरा चुळबुळले, कारण पाहुण्यांत मदत देणारे होते. पण मागच्या ओळीत बसलेले रहांगडाले जोरजोरात मान हलवत होते.

काम झालं होतं, पण पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं की नाही हे ऑक्टोबरशिवाय कळणार नव्हतं. तोवर मी घरी. माझा पासवर्ड बंद झाला होता आणि फळ्यावर काय लिहिलंय ते मला दिसत नव्हतं. दसरा झाल्यावर एक दिवस न राहवून मी एसटीनं देवरीला गेले, तिथून उईके बाईंना घेऊन पुढं.

पारबताबाई बांधावर उभी होती. तिच्या पायाशी पाट वाहत होता, अंगठाभर खोल, पण वाहत होता. शेवटच्या बांधीत धान ओणवा झाला होता. मी एक लोंब हातात घेतली. जड लागली. तोडायचा धीर झाला नाही.

"पाणी आलं," मी म्हटलं.

"हो. आलं. तुमी नसत्या आल्या तरी आलं असतं."

"ते खरंच."

"आल्या तं जेवून जा. तलावाचे झिंगे हायेत." मग घराकडे वळता वळता ती म्हणाली, "आन पुढच्या खेपेले मशीनीत काही एक करायचं असन तं आदी इचारत जा."

"मी आता नोकरीत नाही, पारबताबाई. संपली माझी."

"मंग जे हायेत त्यायले सांगून ठेवा," ती म्हणाली. तोवर आम्ही घरी पोचलो होतो, आणि उईके बाई हात धुऊन जेवायला बसल्याही होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि पारबताबाईनं भात वाढला.